रात्री डिस्क थांबवाव्यात की वाचून काढाव्यात? रेड कार्डाच्या देखभाल आणि वीजबचतीच्या सेटिंगबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. वास्तुविशारदांच्या एका कार्यालयात लिनक्सवर चालणारा फाइल सर्व्हर आहे. त्यात मेगारेड ९३६१-८आय हे रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधून सांभाळणारं कार्ड) आणि ८ टीबीच्या आठ सॅटा डिस्क आहेत. सात डिस्क रेड ६ मध्ये, आठवी हॉट स्पेअर, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिची जागा घ्यायला तयार ठेवलेली. काम सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ७. बॅकअप रात्री १० ला सुरू होऊन १ च्या आत संपतो. पॅट्रोल रीड आणि कन्सिस्टन्सी चेक ही कार्डाची डिस्क तपासायची दोन्ही कामं दर आठवड्याला शनिवारी पहाटे ३ वाजता लावलेली आहेत आणि शनिवारी सर्व्हर दिवसभर मंदावतो. ही दोन्ही कामं बंद केली तर चालतील का? रात्री डिस्क थांबवून वीज वाचवता येईल का? आणि शेजारी ९२६०-८आय कार्डाचा जुना सर्व्हर आहे, तो महिन्यातून एकदा काही तास फाइल सेव्ह करताना का रडतो?

देखभालीची कामं बंद करू नका, त्यांची वेळ आणि अंतर बदला. स्पेअर डिस्क खुशाल थांबवा, पण डेटा असलेल्या सात डिस्क थांबवू नका. जुन्या सर्व्हरच्या रडण्यामागे कार्डाची बॅटरी आहे. कारणं सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की पुढे कार्ड बदललं तरी निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो, असं आपण म्हणतो. हे एका अटीवर खरं आहे: उरलेल्या डिस्कवरचा लागेल तो प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा) वाचता आला पाहिजे. तुमच्या सर्व्हरवर दहा वर्षांपूर्वीच्या प्रकल्पांची ड्रॉइंगं असतील. ती कोणी उघडत नाही. त्यांच्याखालचा सेक्टर खराब झाला तर ते कोणाला कळतही नाही, कारण तो वाचायची वेळच येत नाही. ती वेळ येते एखादी डिस्क मेल्यावर, रिबिल्ड (मेलेल्या डिस्कवरचा डेटा दुसऱ्या डिस्कवर पुन्हा बांधणं) सुरू झाल्यावर. त्या वेळी उरलेल्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात आणि वर्षानुवर्षं दडून बसलेले सगळे दोष एकदम समोर येतात. २००७ साली १५ लाख ३० हजार डिस्कच्या ३२ महिन्यांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३.४५ टक्के डिस्कवर असे सुप्त दोष सापडले, आणि त्यांतले ६० टक्क्यांहून जास्त दोष पार्श्वभूमीत चालणाऱ्या तपासणीनेच शोधले होते. ही तपासणी बंद करणं म्हणजे ते दोष रिबिल्डच्या दिवसासाठी राखून ठेवणं. शनिवारी सर्व्हर मंदावतो म्हणून ती बंद केलेली ठिकाणं पुष्कळ दिसतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्रास फक्त चुकीच्या वेळेचा असतो.

ही वेळ चुकते कशी? मेगारेड कार्ड आपली वेळ यंत्र सुरू होताना ड्रायव्हरकडून घेतं. लॉगमध्ये वेळ निश्चित झाल्याची नोंद असते आणि त्याआधीच्या घटना 'चालू झाल्यापासून इतके सेकंद' अशा लिहिलेल्या असतात. लिनक्समध्ये ही वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. यूटीसीचे पहाटेचे ३ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. कार्ड आपल्या समजुतीने मध्यरात्री काम काढतं आणि तुमचे लोक दहाला येऊन बसतात तेव्हा ते ऐन भरात असतं. स्टोअरसीएलआयमध्ये (कार्डाला आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅममध्ये) कार्डाची सगळी माहिती काढली की कार्डाची वेळ आणि यंत्राची वेळ अशा दोन ओळी शेजारी-शेजारी दिसतात. त्यांत साडेपाच तासांचा फरक असला की शनिवारचं कोडं सुटलं. कार्डाची वेळ यंत्राच्या वेळेशी जुळवण्याची आज्ञा आहे, पण पुढच्या रीबूटनंतर ती टिकली का ते पाहावं लागतं. मला जास्त भरवशाचं वाटतं ते हे की कार्डाला यूटीसीतच राहू द्यावं, साडेपाच तास वजा करून वेळ द्यावी, आणि हा हिशोब सर्व्हरच्या वहीत लिहून ठेवावा.

आता ही दोन कामं वेगळी कशी आहेत ते पाहू, कारण बऱ्याच ठिकाणी एक चालू आहे म्हणून दुसरं बंद ठेवतात. पॅट्रोल रीड प्रत्येक डिस्क सुटी तपासतं, हॉट स्पेअरसकट. सेक्टर वाचता येतो का, एवढंच ते बघतं. नाही आला तर इतर डिस्कवरच्या माहितीतून तो पुन्हा लिहून काढतं. डेटा आणि पॅरिटी (गेलेला डेटा परत काढता यावा म्हणून डेटावरून मोजून ठेवलेली जादा माहिती) एकमेकांशी जुळतात का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते काम कन्सिस्टन्सी चेकचं. तो सगळ्या डिस्कवर पसरलेला डेटाचा एकेक पट्टा एकत्र वाचतो, पॅरिटी नव्याने मोजतो आणि लिहिलेल्या पॅरिटीशी ताडून बघतो. वीज अचानक गेल्यावर अर्धवट राहिलेलं लेखन इथेच सापडतं. मात्र एक ध्यानात घ्या: तफावत सापडली की कार्ड पॅरिटी बदलून डेटाशी जुळवतं. डेटा बरोबर होता की पॅरिटी, हे ठरवणं त्याच्या आवाक्यात नसतं. म्हणून तफावतीची संख्या शून्याहून जास्त आली तर 'दुरुस्त झालं' म्हणून पुढे जाऊ नका. कारण शोधा: वीज गेली होती का, केबल सैल आहे का, एखाद्या डिस्कचे आकडे बिघडताहेत का.

दोन्ही कामं दर आठवड्याला, म्हणजे १६८ तासांनी, ही सवय लहान डिस्कच्या काळातली आहे. ३०० जीबीची डिस्क तासा-दीड तासात वाचून होते. ८ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १७० एमबी या वेगाने, मध्ये कोणी न अडवता वाचली तरी १३ तास लागतात. आणि प्रश्न फक्त वेळेचा नाही. डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला किती टीबी वाचन-लेखन अपेक्षित आहे तो आकडा दिलेला असतो. सर्व्हरसाठीच्या मोठ्या डिस्कना तो साधारण ५५० टीबी असतो, छोट्या नॅस (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) पेटीसाठीच्या बऱ्याच डिस्कना १८० टीबी. आता गुणाकार करा: ८ टीबीची डिस्क दर आठवड्याला कन्सिस्टन्सी चेकमध्ये पूर्ण वाचली तर वर्षाला ४१६ टीबी झाले. अजून एकाही माणसाने एकही फाइल उघडलेली नाही, आणि पॅट्रोल रीडचा भार वेगळाच. तुमच्या डिस्क १८० वाल्या असतील तर निव्वळ तपासणीनेच मर्यादा दुपटीहून जास्त ओलांडली. हा आकडा ओलांडला की डिस्क लगेच मरते असं नाही, पण उत्पादकाने बिघाडाचं जे प्रमाण गृहीत धरलं आहे ते मग लागू राहत नाही. आधी डिस्कचा मॉडेल क्रमांक बघून हा आकडा शोधा.

म्हणून माझा सल्ला: पॅट्रोल रीड दर पंधरवड्याला, म्हणजे ३३६ तासांनी. कन्सिस्टन्सी चेक दर चार आठवड्यांनी, म्हणजे ६७२ तासांनी. महिना म्हणून ७२० तास देऊ नका. तीस दिवसांत सात पुरते बसत नाहीत, त्यामुळे वार सरकत जातो आणि दोन-तीन फेऱ्यांत काम भर आठवड्यात येऊन पडतं. ३३६ आणि ६७२ दोन्ही पूर्ण आठवड्यांच्या, म्हणजे १६८ च्या, पटीत आहेत. दोन्हींची पहिली सुरुवात एका आठवड्याच्या अंतराने ठेवली की ती एकमेकांच्या वाटेत कधीच येत नाहीत. पॅट्रोल रीड पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आठवड्यात, कन्सिस्टन्सी चेक दुसऱ्या, सहाव्या, दहाव्या आठवड्यात. सुरुवात तुमच्या बॅकअपनंतर, शनिवार-रविवारच्या मध्यरात्री. सुरुवातीची वेळ पूर्ण तासातच देता येते, त्यामुळे कार्ड यूटीसीत असेल तर शनिवारचे २० वाजता असं द्या, म्हणजे आपल्याकडे रविवारचा पहाटेचा दीड. पुढे पूर्ण रविवार हाताशी आहे. पहिली फेरी झाल्यावर पुढची तारीख कार्डाला विचारून बघा आणि सरकलेली दिसली तर पुन्हा जागेवर आणा. फर्मवेअर बदललं किंवा कार्ड बदललं की हे सगळं परत तपासायचं, कारण मूळ सेटिंग परत आलेलं असू शकतं.

यानंतर येतात टक्केवारीची सेटिंगं. रिबिल्ड, पॅट्रोल रीड, कन्सिस्टन्सी चेक आणि पार्श्वभूमी इनिशियलायझेशन (नव्याने मांडलेल्या डिस्कवर पॅरिटी लिहिणं) या चारही कामांचा दर बहुतेक मेगारेड कार्डांवर मुळात ३० टक्के असतो. वापरकर्त्यांचं काम आणि कार्डाचं काम एकाच वेळी आलं तर कार्डाच्या कामाला किती झुकतं माप द्यायचं, ते हा आकडा सांगतो. शून्य दिला तर काम फक्त यंत्र रिकामं असतानाच पुढे सरकतं, १०० दिला तर वापरकर्त्यांना ताटकळत बसावं लागतं. दोन्ही टोकं टाळा. तुमच्याकडे रविवारी कोणी नसतं, म्हणून तपासणीचे दर ३० वरच राहू द्या. कोणी शनिवारी रात्री उशिरापर्यंत बसलं तर त्याचंही काम अडणार नाही.

रिबिल्डच्या दराबद्दल मात्र मी आग्रही आहे. रेड ६ मधली एक डिस्क गेली तरी एक संरक्षण शिल्लक असतं, तेव्हा दिवसा ३० आणि संध्याकाळी सातनंतर ६०-७० असं हाताने बदलणं परवडतं. दोन गेल्या किंवा अ‍ॅरे रेड ५ (एकच डिस्क गेलेली सोसणारा डिस्कचा गट) असला तर दिवसाही ६० च्या खाली येऊ नका. लोक कुरकुरतील, त्यांना कारण सांगा. आणि रिबिल्ड चालू असताना त्या दिवसाचा बॅकअप चुकवू नका. 'सर्व्हरवर ताण नको' म्हणून नेमका त्याच रात्रीचा बॅकअप थांबवणारे भेटतात. जो डेटा सगळ्यात धोक्यात आहे त्याची ताजी प्रत त्याच रात्री हवी.

आता वीज. ७२०० फेऱ्यांची साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना साधारण ५ ते ८ वॅट घेते. थांबवली की १ वॅटच्या आसपास. प्रत्येक डिस्कमागे ६ वॅटची बचत धरू. कामाचे तास आणि बॅकअप सोडून रोज १२ तास सात डिस्क थांबवल्या, तर वर्षाला सुमारे १८४ युनिट वाचतात. युनिटला १२ रुपये धरले तर सव्वादोन हजार रुपयांच्या आत. त्यातही रविवारच्या तपासणीचे तास वजा करावे लागतील.

एवढ्या पैशासाठी काय पणाला लागतं? थांबलेली डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या वाहिनीवर २ अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते, म्हणजे २०-२५ वॅटचा झटका, आणि सात डिस्क एकदम जागवल्या तर तो सातपट. डिस्क तयार व्हायला दहा-वीस सेकंद जातात. कार्डाने त्या एकामागून एक जागवल्या तर सकाळी पहिली फाइल उघडणाऱ्याचं ड्रॉइंग इतका वेळ अडकतं की प्रोग्रॅम हात टेकतो. लिनक्समध्ये साध्या डिस्कसाठीची प्रतीक्षा ३० सेकंदांची असते, यावरून अंदाज घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार-पाच वर्षं अखंड फिरलेली डिस्क थांबवली की ती पुन्हा फिरेलच याची खात्री कोणी देत नाही. लांबच्या सुट्टीत सर्व्हर बंद ठेवल्यावर पहिल्याच दिवशी डिस्क मेली, हे या धंद्यातल्या कोणालाही नवं नाही. ज्या प्रसंगाला आपण घाबरतो, तोच दररोज सकाळी मुद्दाम घडवून आणू नये. काही कार्डांवर अ‍ॅरेत लावलेल्या डिस्कसाठीही वीजबचतीचा पर्याय दिसतो. रात्री हात न लागणाऱ्या, फक्त साठवणीच्या अ‍ॅरेला तो शोभतो, तुमच्या फाइल सर्व्हरला नाही.

हॉट स्पेअरचं तसं नाही. तिच्यावर डेटा नाही, चोवीस तास ती नुसती फिरते. मेगारेडमध्ये न लावलेल्या डिस्क आणि हॉट स्पेअर थांबवायची दोन वेगळी सेटिंगं आहेत. किती वेळ रिकामी गेल्यावर थांबवायची ते ३० मिनिटांपासून २४ तासांपर्यंत ठरवता येतं. दोन्ही चालू करा आणि वेळ ६० मिनिटं ठेवा. रिबिल्डची गरज पडली की कार्ड तिला स्वतः जागवतं, दहा-वीस सेकंदांनी तिथे काही बिघडत नाही. एक काळजी घ्या: पॅट्रोल रीडची फेरी झाल्यावर लॉगमध्ये स्पेअरही तपासली गेली का ते बघा. नसेल तर वीजबचत महिन्यातून एकदा बंद करून फेरी पूर्ण होऊ द्या. न तपासलेली स्पेअर ऐन वेळी दगा देते, आणि तोपर्यंत आपण तिच्यावर विसंबलेलो असतो.

कार्डाबाहेरच्या दोन-तीन वीजबचतीही बघून घ्या. सर्व्हरच्या बायोसमध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या जोडणीची वीजबचत असते, ती रेड कार्ड असलेल्या यंत्रात बंद ठेवा. हा सर्व्हर कधी विंडोजवर नेला तर 'बॅलन्स्ड' प्लॅनमध्ये २० मिनिटांनी डिस्क बंद करायचं सेटिंग असतं, ते 'कधीच नाही' करा. पंख्यांचा शांत प्रोफाइल लावला असेल तर तोही काढा. मेगारेड कार्डांना मिनिटाला किमान २०० फूट वेगाचा वारा लागतो आणि ती सर्व्हरच्या पेटीतला वारा गृहीत धरूनच बनवलेली असतात. साध्या डेस्कटॉपच्या पेटीत असं कार्ड बसवलं तर चिपसमोर स्वतंत्र पंखा द्यावाच लागतो.

इथे आपल्याकडची एक खास गोष्ट येते. शनिवारी संध्याकाळी जाणारा माणूस एसी बंद करतो आणि रविवारी आपण डिस्कना वर्षातलं सगळ्यात जड काम लावतो. एप्रिल-मे महिन्यात अकोला-नागपूरकडे, किंवा पुण्यातही वरच्या मजल्यावर पत्र्याखाली कार्यालय असेल तर बंद खोलीचं तापमान सहज चाळिशी गाठतं. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते. पहिल्या दोन-तीन रविवारी स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत सांगणाऱ्या प्रोग्रॅमने) तासातासाला तापमान नोंदवा. ५० च्या वर जात असेल तर उन्हाळ्यापुरती सुरुवात शुक्रवारच्या रात्रीवर आणून शनिवारची मंदी सोसा, नाहीतर सर्व्हरच्या खोलीचा एसी रविवारी चालू ठेवा. एसीचं बिल वाचवलेल्या विजेच्या कितीतरी पट होईल, तरी तोच खर्च योग्य आहे.

आता जुना सर्व्हर. रेड कार्डावरचा कॅश (तात्पुरती वेगवान मेमरी) लेखन पटकन स्वीकारतो आणि डिस्कवर सवडीने लिहितो, याला राइट-बॅक म्हणतात. मधल्या वेळात वीज गेली तर तो डेटा टिकावा म्हणून ९२६० वर लिथियम-आयन बॅटरी असते. तिची क्षमता अजून पुरेशी आहे का हे कार्डाला मोजावं लागतं, म्हणून साधारण महिन्याने ते बॅटरी पूर्ण उतरवतं आणि परत भरतं. याला लर्न सायकल म्हणतात. त्या काही तासांत बॅटरीवर भरवसा नसल्यामुळे कार्ड राइट-थ्रूवर जातं. प्रत्येक लेखन थेट डिस्कवर, आणि रेड ५-६ वर छोटी छोटी लेखनं भयंकर मंदावतात. तुमचा 'महिन्यातून एकदा' तिथून येतो.

यावर दोन उपाय लोक करतात. एक, राइट-बॅक 'नेहमी' करून टाकणं, म्हणजे बॅटरी असो-नसो. हे करू नका. जिथे वीज दिवसातून दोनदा जाते आणि यूपीएसची बॅटरीही म्हातारी असते, तिथे एका झटक्यात फाइल सिस्टिम जाते. दुसरा उपाय बरा आहे: लर्न सायकल आपोआप न होता फक्त सूचना देईल असं सेटिंग करा आणि सूचना आली की ती रविवारी हाताने चालवा. ते आठवणीने करणारा माणूस नसेल तर पुढच्या सायकलची वेळ सरकवून रविवारी आणून ठेवा. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर सेटिंगशी न झगडता नवी घाला.

९३६१ वर ही अडचण नाही. त्यावरच्या कॅशव्हॉल्टमध्ये सुपरकपॅसिटर असतो. वीज गेली की तो तेवढ्या ऊर्जेत कॅशमधला डेटा फ्लॅश मेमरीवर उतरवून ठेवतो. बॅटरी कॅशला जागं ठेवते ती दोन-तीन दिवस. दिवाळीत कार्यालय बंद असताना पाडव्याला वीज गेली आणि चार दिवसांनी कोणी आलं, तर तोवर बॅटरी संपलेली असेल, पण फ्लॅशवरचा डेटा शाबूत राहील. मात्र कॅशव्हॉल्ट वेगळा घ्यावा लागतो. तुमच्या कार्डाला तो खरोखर लावलेला आहे का, आणि त्याची स्थिती ठीक दिसते का, हे बघा. सोबत डिस्कचा स्वतःचा कॅश बंद करा, कारण कार्डाची बॅटरी किंवा कपॅसिटर त्याला वाचवत नाही.

या बदलांना हात लावण्याआधी कार्डाची आत्ताची सगळी सेटिंगं आणि पूर्ण घटना-लॉग एका फाइलमध्ये काढून सर्व्हरबाहेर ठेवा, आणि बॅकअपमधली एखादी जुनी फाइल उघडून बघा. आजवर तपासणी नीट पूर्ण होत नसेल तर पहिल्याच पूर्ण फेरीत एकदम बरेच खराब सेक्टर निघू शकतात. एखाद्या डिस्कवर दुरुस्तीच्या नोंदी पाच-दहाच्या पुढे गेल्या आणि पुढच्या फेरीतही वाढल्या, तर ती मरायची वाट न बघता बदला. ती अजून चालू असताना कार्डाच्या कॉपीबॅकने थेट नव्या डिस्कवर उतरवता येते, तेव्हा पॅरिटीवरून सगळा डेटा पुन्हा बांधायची गरज पडत नाही आणि तेवढे तास रेड ६ चं दुहेरी संरक्षण जसंच्या तसं राहतं.